उरलेल्या आठ तासांचा प्रश्न

(नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नाशिक शहरात १ मे या दिवसाचे तीन कार्यक्रम ठरलेले असतात. सकाळी महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचे ध्वजवंदन होते. मग सातपूर-अंबडच्या कामगारांची निशाणे निघतात, सभा होतात. आणि सायंकाळी गोदाकाठी, यशवंतराव महाराज पटांगणावर, वसंत व्याख्यानमालेचे पहिले पुष्प गुंफले जाते. शताब्दी ओलांडलेली ही व्याख्यानमाला मे महिनाभर चालते. दिवसभर तापलेल्या फरशीवर बसून गावकरी व्याख्यान ऐकतात. चळवळीतला कार्यकर्ता यांपैकी पहिल्या कार्यक्रमाला हजर असतो, दुसऱ्याचे आयोजन करतो आणि तिसऱ्याच्या वेळी घरी बसून दुसऱ्या दिवशीच्या निवेदनाचा मसुदा लिहीत असतो. या तिसऱ्या कार्यक्रमाविषयी, म्हणजेच कार्यकर्त्याने स्वतःसाठी करावयाच्या वाचनाविषयी व आपल्या जिल्ह्यातील कलांचा आस्वाद घेण्याविषयी, आजचे व्याख्यान आहे. वर्षातला एक महिना या कामाला द्यावा अशी त्यातील सूचना आहे.

ही सूचना ऐकून काही चेहऱ्यांवर स्मित उमटेल. कांद्याचे भाव पडलेले, धरणे तळाला गेलेली, कंत्राटी कामगारांना घरी बसवलेले, आणि अशा वेळी कादंबऱ्या वाचावयाच्या? हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर शेवटी द्यावयाचे आहे. परंतु त्याआधी कार्यकर्त्याचे आजचे वाचन कसे असते ते पाहिले पाहिजे.

कार्यकर्ता वाचत नाही असे नाही. तो अहवाल वाचतो, परिपत्रके वाचतो, शासननिर्णय तर कित्येकदा अधिकाऱ्यांपेक्षा अधिक बारकाईने वाचतो. पुस्तकही तो उघडतो. परंतु ते उघडताना त्याच्या हातात पेन्सिल असते आणि डोक्यात उद्याचे भाषण असते. भाषणाला उपयोगी पडेल तेवढे वाक्य तो खुणेने बांधून घेतो व बाकीचे पुस्तक सोडून देतो. धान्याच्या कोठारातून मापाने धान्य काढावे तसे हे वाचन होय. कलेशी त्याचा संबंध याहूनही तुटपुंजा आहे. सभेची वेळ सहाची आणि लोक यावयाचे साडेसातला, या दीड तासात शाहिराने डफावर थाप मारावी व वक्ता आला की डफ खाली ठेवावा, एवढेच कलेचे स्थान चळवळीत उरले आहे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने ज्या परंपरेला पु. ल. देशपांडे, वसंत बापट, निळू फुले यांच्यासारखी माणसे दिली, त्या परंपरेची ही अवस्था आहे.

या अवस्थेकडे पाहताना एका गोष्टीचा विसर पडू नये. समाजवादी पक्षाचा उगमच वाचनाच्या एका दीर्घ फुरसतीत झाला, आणि ती फुरसत नाशिकच्या तुरुंगात मिळाली. १९३२-३३ च्या सविनय कायदेभंगात जयप्रकाश नारायण, मिनू मसानी, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, ना. ग. गोरे, एस. एम. जोशी ही मंडळी तेथे बंदिवासात होती. बाहेर होती तोवर ती धावपळीत होती. तुरुंगाने त्यांचे स्वातंत्र्य हिरावून घेतले, पण एकत्र बसून वाचण्यास, वाचलेल्यावर भांडण्यास व भांडून पुन्हा वाचण्यास लागणारा वेळ त्यांच्या पदरात टाकला. काँग्रेसअंतर्गत समाजवादी पक्ष स्थापन करण्याची कल्पना त्या वाचनातून व चर्चांतून आकाराला आली, आणि १७ मे १९३४ रोजी पाटण्याला आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेने तिला रूप दिले.

त्याच तुरुंगात त्याच काळात आणखी एक घटना घडत होती. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहावयास घेतली व १३ फेब्रुवारीच्या पहाटे ती पुरी केली. दिवसा तुरुंगातले काम करावयाचे आणि रात्री व पहाटे लिहावयाचे, असा तो क्रम होता. या दोन घटना शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. एकीतून पक्ष निघाला व दुसरीतून एका आईची गोष्ट निघाली. त्या पक्षाचे पुढे किती तुकडे झाले हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको. ती गोष्ट मात्र आजही घरोघर वाचली जाते. गुरुजींनी ती कोणत्याही सभेच्या उपयोगासाठी लिहिली नव्हती. तरीही १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसलेला माणूस आणि ती गोष्ट लिहिणारा माणूस एकच होता. ज्याने ती गोष्ट वाचली होती त्याला त्या उपोषणाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नसेल.

परंतु फुरसतीसाठी तुरुंगात जावे लागावे ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. फुरसत हा कामगाराचा हक्क आहे आणि कामगार चळवळीची ही सर्वांत जुनी मागणी आहे. १८८६ च्या मे महिन्यात शिकागोच्या कामगारांनी ज्यासाठी रक्त सांडले ती मागणी मजुरीच्या वाढीची नव्हती, वेळेची होती. आठ तास काम, आठ तास विश्रांती व उरलेले आठ तास ज्याचे त्याला, असा तो हिशेब होता. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८८४ साली, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि त्यांच्या प्रयत्नांमुळे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. महात्मा फुल्यांच्या या सत्यशोधक सहकाऱ्याने कामगाराला जे मिळवून दिले ते पैशात मोजता येत नाही. मार्क्सचे जावई पॉल लाफार्ग यांनी तर १८८० साली आळसाच्या हक्काचाच पुरस्कार करणारी पुस्तिका लिहिली. तिचे नाव ऐकून कामगारांचे पुढारीही बिचकले. परंतु श्रमाचे गोडवे गाणारे बहुतेक लोक दुसऱ्याच्या श्रमावर जगतात, हे त्यांचे निरीक्षण आजही खोटे ठरलेले नाही.

आठ तासांच्या कामाविषयी चळवळ पुष्कळ बोलली. आठ तासांच्या विश्रांतीविषयीही बोलली. तिसऱ्या आठ तासांचे काय करावयाचे याविषयी मात्र ती गप्प राहिली. जी वस्तू वापरली जात नाही ती हिरावून घेणे सोपे असते. ३ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील कामाच्या दैनंदिन तासांची मर्यादा ९ वरून १२ पर्यंत नेण्यास मान्यता दिली. तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्याचेही त्याच निर्णयात होते. आठवड्याचे ४८ तास कायमच आहेत, मग कामगाराचे नुकसान ते काय, असा युक्तिवाद त्यासोबत करण्यात आला. नुकसान काय ते सातपूरच्या कारखान्यात बारा तास उभा राहून सिडकोतल्या घरी परतणाऱ्या माणसाला विचारावे. त्याची बेरीज तीच राहिली असेल, पण त्याची संध्याकाळ गेली. गोदाकाठचे व्याख्यान संध्याकाळी असते. वाचनालय संध्याकाळी उघडे असते. मूल शाळेतला धडा घेऊन बापाजवळ बसते तेही संध्याकाळीच. आठवड्याच्या शेवटी तीन सुट्या मिळतील असे कागदावर म्हणता येते, परंतु ज्याची मजुरी पुरत नाही त्याची सुटी जादा कामातच जाते. या निर्णयाविरुद्ध जी भाषणे झाली त्यांत मजुरीचा, अपघातांचा, आरोग्याचा मुद्दा आला. कामगाराचे वाचन बुडते, त्याचे नाटक बुडते, हे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. ते म्हणावयास संकोच वाटला असावा.

आणि ज्यांना तासच नाहीत त्यांचे काय? सिन्नरच्या विडी कामगार स्त्रीला कारखान्याचा भोंगा नाही. तिचे काम हजार विड्यांच्या मापाने मोजले जाते, दिवसाच्या मापाने नव्हे. मांडीवर सूप, सुपात पाने व तंबाखू, आणि स्वयंपाक, पाणी, मुले यांच्या मधल्या प्रत्येक फटीत विड्या वळणे चालू. तिचा दिवस कोठे सुरू होतो व कोठे संपतो हे तिलाही सांगता येणार नाही. तिला पुस्तक वाचावयास सांगणे हा क्रूर विनोद वाटेल. परंतु विडीसारख्याच धंद्यातल्या कामगारांनी या अडचणीवर तोड काढल्याचा इतिहास आहे. क्यूबात हवाना येथील सिगार कारखान्यांत १८६५ साली एक प्रथा सुरू झाली. कामगार हाताने सिगार वळत असत आणि उंच जागी बसलेला एक वाचक त्यांना मोठ्याने वाचून दाखवीत असे. कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून त्याचे वेतन देत आणि कोणते पुस्तक वाचावयाचे तेही तेच ठरवीत. वर्तमानपत्रांबरोबर ते कादंबऱ्या मागत. अलेक्झांडर ड्यूमाच्या एका कादंबरीच्या नावावरून तेथल्या एका प्रसिद्ध सिगारचे नाव पडले ते उगीच नव्हे. या वाचनाचे सामर्थ्य सत्ताधाऱ्यांना चटकन कळले, आणि १८६६ साली स्पॅनिश गव्हर्नरने त्यावर बंदी घातली. पुढे ही प्रथा पुन्हा उभी राहिली. केरळातील विडी कामगारांनीही हेच केले. एकाने वाचावयाचे आणि त्याच्या वाट्याच्या विड्या इतरांनी वळून द्यावयाच्या, असा त्यांचा करार असे. १९६९ साली कण्णूरला स्थापन झालेल्या दिनेश विडी या कामगारांच्या सहकारी संस्थेत ही परंपरा चालू राहिली. सिन्नरच्या गल्लीत चार घरच्या बाया एका ओसरीवर विड्या वळावयास बसतात. तेथे आठवड्यातून एक तास एखाद्या कार्यकर्तीने जाऊन गोष्ट वाचून दाखविण्यास कोणाची परवानगी लागते?

या जिल्ह्यात वाचण्याजोगे काय आहे असा प्रश्न नाशिककराने विचारू नये. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय या शहरात आहे. कुसुमाग्रज येथे राहिले. १९३२ मध्ये काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात भाग घेणारा तरुण आणि पुढे 'नटसम्राट' लिहिणारा नाटककार यांच्यात फारकत करता येत नाही. त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाने २००९ पासून शंभर पुस्तकांच्या पेट्या गावोगावी पाठविण्याची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना चालविली. एखाद्या कामगार वसाहतीने, एखाद्या आदिवासी पाड्याने मागावे आणि वाचावे इतके ते सोपे आहे.

याच जिल्ह्याचा दुसराही वारसा आहे. नाशिकरोडच्या तुरुंगापासून फार दूर नसलेल्या विहितगावात १९३० साली बाबूराव बागूल जन्मले. त्याच वर्षी, २ मार्चला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. १९६३ साली 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथासंग्रहाने बागुलांनी मराठी कथेला जो हादरा दिला तो अजून ओसरलेला नाही. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक तरुणपणी मुंबईला मजुरीसाठी गेले तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. अक्षरे त्यांनी तेथे, काम करता करता, मोठ्या वयात गिरवली, आणि १९४३ पासून त्यांनी जी गीते रचली ती खेड्यापाड्यांतल्या वस्त्यांपर्यंत आंबेडकरी विचार घेऊन गेली. १५ मे २००४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. ज्यांच्याजवळ ना फुरसत होती ना वाचनालयाची वर्गणी, त्यांनी वाचन असे ओढून घेतले. त्यांच्या नावाने जयंत्या करणाऱ्या कार्यकर्त्याने आपल्याला वेळ नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

वाचनाइतकीच महत्त्वाची गोष्ट पाहण्याची आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यात उन्हाळ्यात बोहाडा होतो. रात्री टेंभ्यांच्या उजेडात संबळ घुमू लागतो, प्रथम गणपतीचे व मोरावर बसलेल्या सरस्वतीचे सोंग येते, मग एकामागून एक देव व दैत्य येतात आणि पहाटे देवी महिषासुराला मारते. मुखवटे जड असतात. ठरावीक घराण्यांकडे ठरावीक सोंगे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असतात. ज्या माणसाला तालुक्याच्या कचेरीत दिवसभर ओट्याखाली ताटकळत बसावे लागते, तो त्या रात्री सगळ्या गावासमोर नरसिंह होऊन नाचतो.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेलेला शेतकऱ्यांचा मोर्चा सर्वांच्या स्मरणात आहे. त्यात वनजमिनीच्या पट्ट्यांसाठी निघालेले आदिवासी मोठ्या संख्येने होते, आणि दिवसभर चालून फोडांनी भरलेल्या पायांनी त्यांनी रात्रीच्या मुक्कामात गाणी म्हटली, फेर धरले. वर्तमानपत्रांना त्याचे नवल वाटले. पक्षाच्या कार्यकर्त्यालाही वाटले. कारण सुरगाण्याचा माणूस त्याला सह्यांच्या यादीतला व मोर्चातला म्हणून ठाऊक होता, मुखवट्याचा धनी म्हणून ठाऊक नव्हता. ज्या लोकांच्या दुःखाची फाईल तयार आहे पण ज्यांचा आनंद कधी पाहिला नाही, त्यांचे पुढारीपण किती काळ टिकणार?

मालेगावचेही तेच. दंगलीच्या बातम्यांपलीकडे ते शहर अनेकांना माहीत नाही. तेथील यंत्रमाग कामगाराची सुटी शुक्रवारी असते, आणि त्या सुटीच्या दिवशीच्या सिनेमाच्या वेडातून नासिर शेख व त्यांच्या मित्रांनी स्थानिक भाषेत, स्थानिक नटांना घेऊन, चित्रपटच तयार केले. त्यांतील सुपरमॅन झालेला शफीक शेख स्वतः माग चालवीत असे. विजेच्या भारनियमनावर व गावच्या घाणीवर हसणारे हे चित्रपट कोणत्याही पक्षाने काढावयास सांगितले नव्हते. आठवड्याची एक सुटी हाती असली की कामगार काय करू शकतो याचा तो पुरावा आहे. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांत कारखान्यांतले लोक पाळी सांभाळून तालमी करतात आणि नाटक उभे करतात. त्या नाटकाच्या प्रेक्षकांत कामगार संघटनांचे किती पदाधिकारी बसलेले असतात, हे मोजावयास फार वेळ लागत नाही.

आता सुरुवातीच्या आक्षेपाकडे वळले पाहिजे. लोक संकटात असता कार्यकर्त्याने महिनाभर पुस्तकात व नाटकात रमावे काय? याचे पहिले उत्तर असे की येथे महिनाभर काम सोडण्याची गोष्ट नाही. मोर्चा असेल तेथे मोर्चा होईल, निवेदन द्यावयाचे असेल तेथे ते दिले जाईल. महिन्यातल्या संध्याकाळी तेवढ्या राखावयाच्या आहेत. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. माणसाला भाकरीइतकीच फुरसतही हवी असे ज्याला मनापासून वाटत नाही, तो कामगाराच्या बारा तासांविरुद्ध अर्ध्या मनानेच लढेल. ज्या कार्यकर्त्याला स्वतःची रिकामी संध्याकाळ गुन्ह्यासारखी वाटते, तो दुसऱ्याच्या रिकाम्या संध्याकाळीसाठी संप पुकारू शकत नाही. तिसरे उत्तर अप्रिय आहे, पण ते दिले पाहिजे. वर्षानुवर्षे तीच दहा वाक्ये बोलणारा कार्यकर्ता लोकांना कंटाळवाणा होतो. लोक सौजन्याने ते सांगत नाहीत, फक्त सभेला येण्याचे थांबवितात.

म्हणून प्रत्येक शाखेने १ मे ते ३१ मे हा महिना पुढीलप्रमाणे पाळावा. प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतःच्या आवडीचे एक पुस्तक सबंध वाचावे, आणि त्यातले एकही वाक्य भाषणात वापरू नये. आठवड्यातून एकदा गोदाकाठच्या व्याख्यानाला श्रोता म्हणून जावे. पटले नाही तर घाटाच्या पायऱ्यांवर बसून वाद घालावा, पण व्यासपीठावर चढू नये. एक रात्र बोहाड्याला किंवा गावच्या तमाशाला द्यावी, बिल्ला न लावता, शेवटच्या रांगेत. आपल्या भागातील वाचनालयात जाऊन ते किती तास उघडे असते, ग्रंथपालाला पगार किती मिळतो व १९६७ च्या कायद्यानुसार मिळणारे अनुदान वेळेवर पोचते की नाही, हे विचारून यावे; कारण कामगाराला संध्याकाळ मिळाली आणि वाचनालयाला कुलूप असले तर त्या संध्याकाळीचा उपयोग नाही. आणि ज्या ओसरीवर विड्या वळल्या जातात तेथे, बायांनी होकार दिला तर, त्यांनीच निवडलेली गोष्ट वाचून दाखवावी.

३१ मे रोजी शाखेची बैठक व्हावी. तिच्यात ठराव नसावा, अहवाल नसावा. कोणी काय वाचले व काय पाहिले एवढेच प्रत्येकाने सांगावे, आणि सिन्नरच्या ओसरीवर पुढच्या वेळी कोणते पुस्तक मागितले आहे ते टिपून घ्यावे. १ जूनपासून बारा तासांच्या निर्णयाविरुद्धची मोहीम हाती घ्यावयाची आहेच. त्या मोहिमेच्या मागणीपत्रात मजुरी, अपघात व आरोग्य यांच्याखाली कामगाराच्या संध्याकाळीचे कलम घातले जावे. यावेळी ते लिहिताना कोणाला संकोच वाटू नये.